पाळीचा इतिहास विचारल्याशिवाय किडनीची तपासणी अर्धीच

आशाताई घरोघरी एक तक्ता घेऊन जाते. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाला तिचे ठरलेले प्रश्न असतात. वय किती, तंबाखू-विडी आहे का, दारू घेता का, कमरेचा घेर किती, आठवड्याला १५० मिनिटं तरी चालणं किंवा अंगमेहनत होते का, घरात कोणाला शुगर-बीपी आहे का. प्रत्येक उत्तराला गुण असतात आणि बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलवायचं. तक्त्याच्या पुढच्या भागात बायकांसाठी वेगळे प्रश्न आहेत: स्तनात गाठ लागते का, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं का, दोन पाळ्यांच्या मध्ये जातं का. हे प्रश्न कर्करोग हुडकण्यासाठी आहेत आणि ते हवेतच. पण पाळी कितव्या वर्षी गेली, पिशवी काढली असेल तर अंडाशयंही काढली का, गरोदरपणात साखर किंवा बीपी वाढलं होतं का, पाळी दोन-दोन महिने लांबायची का, यांतल्या कशालाही त्या बेरजेत गुण नाहीत.

आमचा आक्षेप इथे आहे. डायबेटीसच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाच्या किडनीचा अंदाज बांधताना त्याच्या लैंगिक हार्मोनचा इतिहास विचारात घ्यायलाच हवा. पण म्हणून हार्मोनची गोळी किंवा इंजेक्शन हे किडनीचं औषध ठरत नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. आज नेमकं उलट चाललंय. इतिहास कोणी विचारत नाही आणि इंजेक्शनांच्या जाहिराती मात्र मोबाईलवर रोज येतात.

उंबरठा म्हणजे काय ते आधी पाहू. उपाशीपोटी साखर १०० ते १२५, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ५.७ ते ६.४. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत डायबेटीस असलेल्यांचा अंदाज १०.१ कोटी निघाला, तर या उंबरठ्यावरच्यांचा १३.६ कोटी. या १३.६ कोटींना दवाखान्यात बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकायला मिळतं: ‘बॉर्डरवर आहे, गोड कमी करा.’ किडनीचं नाव निघत नाही, कारण किडनी ही डायबेटीस झाल्यावर दहा-पंधरा वर्षांनी बिघडणारी गोष्ट, असा समज आहे.

किडनी तेवढी थांबत नाही. साखर थोडी वाढली की गाळून आलेल्या द्रवातली साखर परत शोषताना किडनीच्या नळ्या तिच्याबरोबर मीठही जास्त ओढून घेतात. पुढे जाणाऱ्या द्रवात मीठ कमी पोचतं, तिथल्या संवेदक पेशींना वाटतं रक्तपुरवठा कमी पडतोय, आणि त्या गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी सैल करतात. गाळणीवर दाब वाढतो. या टप्प्यावर रिपोर्टमध्ये किडनीचं काम नेहमीपेक्षा जास्त दिसतं आणि घरचे खूश होतात. प्रत्यक्षात गाळणी जादा राबत असते. तेव्हा उंबरठ्यावरच्या माणसाचा चांगला आकडा नेहमी चांगलाच असतो असं नाही, आणि म्हणूनच तो एकटा वाचू नये.

आता हार्मोन. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात, आणि प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं गुंतवळ. त्या गुंतवळाला आधार देणाऱ्या पेशी ताण आला की चिवट धागे विणायला लागतात, आणि त्यांचा थर जाड झाला की गाळणीचा व्रण बनतो. इस्ट्रोजेन ही विणाई आवरतं आणि रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करतं. उंदरांवरच्या प्रयोगांत अंडाशयं काढली की व्रण लवकर पडतात, इस्ट्रोजेन परत दिलं की उशिरा. पाळी चालू असलेल्या बायकांत किडनीचे आजार पुरुषांपेक्षा हळू सरकतात, हेही बऱ्याच काळापासून दिसत आलंय. पण डायबेटीस झाला की बाईपणाचं हे संरक्षण बरंचसं विरतं. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. म्हणजे संरक्षणाची चार-पाच वर्षं आपल्याकडच्या बाईला मुळातच कमी मिळतात, आणि आपल्याकडे डायबेटीसही लवकर येतो.

टेस्टोस्टेरॉनचं गणित अधिक गुंतागुंतीचं आहे, आणि ते सोपं करून सांगणाऱ्यांपासून सावध राहायला हवं. लिव्हर एक प्रथिन बनवतं, जे लैंगिक हार्मोनांना रक्तात धरून ठेवतं. एसएचबीजी असं त्याचं छोटं नाव. शरीरात इन्शुलिन वाढलं की लिव्हर हे प्रथिन कमी बनवतं. बाईमध्ये त्याचा परिणाम असा की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. शिवाय तेच जादा इन्शुलिन अंडाशयालाही पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. हनुवटीवर केस, लांबणारी पाळी, वाढतं वजन, म्हणजे ज्याला सगळे पीसीओडी म्हणतात ते चित्र. पुरुषामध्ये तेच प्रथिन कमी झालं की एकूण टेस्टोस्टेरॉनचा आकडा कमी दिसतो, पण मोकळं हार्मोन पुष्कळदा ठीक असतं. त्यातच पोटाची चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करते आणि मेंदूतून अंडकोशाला जाणारा हुकूम मंद होतो. म्हणजे एकच मूळ, वाढलेलं इन्शुलिन. बाईत ते टेस्टोस्टेरॉन जास्त दाखवतं, पुरुषात कमी. दोघांच्याही किडनीला धोका आहे. पण रक्तातल्या हार्मोनच्या एका आकड्यावरून कोणाची किडनी ढासळेल हे आज कोणीही भरवशानं सांगू शकत नाही. म्हणून सरसकट हार्मोनच्या तपासण्या करा, असं आम्ही म्हणत नाही. इतिहास विचारा, असं म्हणतोय. तो फुकट मिळतो.

खरी चूक रिपोर्ट वाचण्यात होते, आणि तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष आहे. क्रिएटिनिन हा स्नायूंचा कचरा. स्नायू जितके जास्त, तितकं ते जास्त. पुरुषाचे स्नायू टेस्टोस्टेरॉनमुळे जास्त, म्हणून त्याचं क्रिएटिनिन मुळात वरचं. आता पन्नास वर्षांचा पुरुष आणि पन्नास वर्षांची बाई घ्या, दोघांचंही क्रिएटिनिन १.२. सध्या बऱ्याच ठिकाणी वापरात असलेल्या २०२१ च्या सूत्रात घातलं तर पुरुषाची किडनी मिनिटाला सुमारे ७४ मिलीलिटर गाळते आणि बाईची ५५. साठच्या खालचा आकडा तीन महिने टिकला की त्याला जुनाट किडनीविकार म्हणतात. म्हणजे त्याच १.२ वर त्याला घरी पाठवायचं आणि तिला थांबवायचं. प्रत्यक्षात दोघंही घरी जातात, कारण कागदावर आकड्यापुढे ठळक खूण नसते. काही प्रयोगशाळा बायकांसाठी १.१ ही वेगळी वरची मर्यादा छापतात. त्यानंही भागत नाही. साठीच्या बाईचं क्रिएटिनिन १.१ असेल तर हिशेब ५७-५८ वर येतो, मर्यादेच्या आत असूनही.

आणि हे झालं सूत्राप्रमाणे. चाळीस-बेचाळीस किलोची, डाळ-भाकरीवर राहणारी, स्नायू कमी असलेली बाई असेल तर तिचं क्रिएटिनिन आणखी खाली राहतं आणि सूत्र तिच्या किडनीला खऱ्यापेक्षा चांगले गुण देतं. अशा वेळी सिस्टॅटिन-सी ही तपासणी स्नायूंच्या भानगडीतून बरीचशी सुटते. ती महाग आहे आणि तालुक्याला मिळेलच असं नाही, म्हणून ती सगळ्यांना नको. पण जिथे वजन फार कमी आणि क्रिएटिनिन काठावर, तिथे एकदा करून घ्यावी. उलटी चूकही होते. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याचे स्नायू वाढतात, क्रिएटिनिन चढतं आणि किडनी ठणठणीत असताना घबराट होते. हार्मोन उपचार घेणाऱ्या ट्रान्स व्यक्तींच्या बाबतीत तर सूत्रात कोणता रकाना भरायचा हाच प्रश्न असतो. तिथे दोन्ही हिशेब काढून, शक्य असेल तर सिस्टॅटिन-सीची जोड देऊन वाचणं हाच प्रामाणिक मार्ग.

म्हणून आमची पहिली मागणी अगदी साधी आहे. जिथे जिथे क्रिएटिनिन छापलं जातं तिथे वय आणि लिंग घालून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते याचा वरच्यासारखा हिशेब, खाली छापणं सक्तीचं असावं. याला नवं यंत्र लागत नाही, जास्तीचं रक्त लागत नाही. संगणकात एक सूत्र बसवायचं. सरकारी प्रयोगशाळांनी हे करण्यात काय अडचण आहे, हे आम्हांला खरोखर समजत नाही.

दुसरी तपासणी लघवीची. गाळणीला इजा झाल्याचा पहिला पुरावा क्रिएटिनिनमध्ये दिसत नाही, लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनात दिसतो. साधी पट्टी बुडवून हे कळत नाही. पट्टीवर खूण उमटेपर्यंत इजा बरीच पुढे गेलेली असते. अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण, म्हणजे एसीआर, मागायचं. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत ठीक, ३० ते ३०० म्हणजे इजा सुरू, ३०० च्या वर म्हणजे गंभीर. चोवीस तासांची लघवी डब्यात साठवत बसण्याची गरज नाही. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी, मधल्या धारेची, स्वच्छ डबीत. आदल्या दिवशी जड मेहनत किंवा व्यायाम नको, ताप नको, लघवीला जळजळ नको. आणि बायकांना नमुना देण्याआधी हमखास विचारायचा पण सहसा न विचारला जाणारा प्रश्न: पाळी चालू आहे का? पाळीचं रक्त मिसळलं की आकडा खोटा चढतो. पाळी संपून दोन-तीन दिवस झाले की नमुना घ्यावा. एकदा आकडा वाढलेला आला म्हणजे किडनीविकार नव्हे. तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने, त्यांतले दोन वाढलेले, मगच शिक्का.

इथेही पुन्हा स्नायू आडवे येतात. समजा दोघं दिवसाला सारखंच, ३० मिलिग्रॅम अल्ब्युमिन टाकतात. पुरुष दिवसाला १.६ ग्रॅम क्रिएटिनिन टाकतो, बाई एक ग्रॅम. त्याचं प्रमाण १९ येईल, तिचं ३०. इजा सारखी, पण तिच्यावर शिक्का बसला आणि तो निसटला. पूर्वी ब्रिटनमध्ये याच कारणानं दोघांसाठी वेगळ्या मर्यादा होत्या. आता सोयीसाठी बहुतेक ठिकाणी एकच धरतात. आमच्या मते पुरुषाचा आकडा विशीत आणि चढता असेल तर ‘तिशीच्या आत आहे’ म्हणून तो सोडू नये.

साखरेच्या तपासणीतही पाळी येते. एचबीएवनसी सोयीची आहे, उपाशी राहावं लागत नाही. पण अंगावरून जास्त जाऊन लोह कमी झालेल्या बाईत ती खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकते. आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर नवं रक्त बनायला लागलं की खऱ्यापेक्षा कमी. महाराष्ट्रात रक्तक्षय असलेल्या बायका किती आहेत हे लक्षात घेतलं, तर अशा बाईचा निवाडा एकट्या एचबीएवनसीवर करणं धोक्याचं आहे. आठ ते दहा तास उपाशी, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज २५०-३०० मिलीलिटर पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं, आणि बरोबर दोन तासांनी रक्त. जुनी, कंटाळवाणी तपासणी आहे, पण पीसीओडी असलेल्या मुलीत आणि गरोदरपणात साखर वाढून गेलेल्या बाईत हीच खरी बोलते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ही तपासणी करायची असते. बाळाच्या लशीसाठी तीच बाई त्याच सुमाराला त्याच केंद्रात येते, तरी तिची ही तपासणी निसटते. लशीच्या दिवशी उपाशी यायला सांगायचं, एवढंच करायचं आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत उघडा कुठे पडतो, तर बीडमध्ये. ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचं प्रमाण गाजल्यावर २०१९ साली राज्य सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहातली एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. वयोगट तंतोतंत जुळत नसले तरी अंतर डोळ्यांत भरण्याजोगं आहे. कारणं सगळ्यांना माहीत आहेत. फडावर शौचालय नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही, एक दिवस कोयता थांबला तर खाडा कापला जातो, आणि मुकादमाची उचल फेडायची असते. पांढरं जाणं, पोटदुखी, जास्त रक्त जाणं यांवर औषधानं भागलं असतं, तिथे ऑपरेशन झालं.

तेव्हा चर्चा झाली ती फसवणुकीची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या १३,८६१ बायकांच्या पुढच्या तीस वर्षांचं काय, ही चर्चा झाली नाही. अमेरिकेत मिनेसोटामधल्या एका काउंटीतल्या बायकांचा वर्षानुवर्षं माग काढलेला अभ्यास २०१८ साली आला. पाळी जाण्याआधी ज्यांची दोन्ही अंडाशयं काढली, त्यांच्यात पुढे जुनाट किडनीविकाराचा धोका तशाच वयाच्या इतर बायकांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होता, आणि पंचेचाळिशीच्या आत काढलेल्यांत त्याहून जास्त. अंडाशयं ठेवून नुसती पिशवी काढली तरी अंडाशयं काही वर्षं आधी थकतात. आणि पिशवी नसल्यानं पाळीच येत नाही, त्यामुळे अंडाशयं कधी थांबली हे त्या बाईला कळायला मार्गच उरत नाही.

आता तीच बाई फडावर उभी करा. उन्हात दहा-बारा तास, लघवीला जागा नाही म्हणून पाणी कमी, अंग दुखतं म्हणून डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅकची गोळी. पाण्याच्या तुटवड्यात किडनी आपला रक्तपुरवठा ज्या रसायनांच्या जोरावर टिकवते, नेमकी तीच ही गोळी बंद करते. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वात, ऊसतोड करणारे तरुण पुरुष डायबेटीस नसताना, बीपी नसताना किडनी गमावतात हे गेली काही दशकं जगाला दिसतंय. उष्णता आणि पाण्याचा तुटवडा हे त्यातले मुख्य संशयित. आपल्याकडे त्याच कामात इस्ट्रोजेन अकाली गेलेली बाई आहे, तिची साखर उंबरठ्यावर असू शकते, आणि तिचं क्रिएटिनिन स्नायू कमी असल्यानं ‘नॉर्मल’ छापून येतं.

एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितली. ती पुढच्या ऑपरेशनांसाठी. झालेल्या ऑपरेशनांसाठी काय? आमचं म्हणणं, पंचेचाळिशीच्या आत पिशवी किंवा अंडाशयं गेलेल्या प्रत्येक बाईला आपोआप जोखमीच्या यादीत धरावं, तक्त्यातली बेरीज कितीही येवो. वर्षातून एकदा बीपी, साखर, ईजीएफआर, एसीआर. आणि डिस्चार्जच्या कागदावर ‘अंडाशयं ठेवली’ की ‘काढली’ हे मराठीत, ठळक लिहिणं बंधनकारक करावं. आज कित्येक बायकांकडे तो कागदच नसतो, असला तर त्यावर शस्त्रक्रियेचं इंग्रजी नाव असतं, आणि आपल्या शरीरातलं काय गेलं हे बाईला दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावं लागतं.

मग या बायकांना इस्ट्रोजेन परत द्यावं का? चाळिशीच्या आत अंडाशयं गेली असतील, तर हाडं आणि हृदय यांच्यासाठी नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत द्यावं असं स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतात, स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्यांसारखी अडचण नसेल तर. ते योग्य आहे आणि गरीब बाईला ते मिळत नाही ही खंत आहे. पण वयानुसार पाळी गेलेल्या बाईला किडनी किंवा डायबेटीससाठी म्हणून हार्मोन देणं वेगळं. अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्यांत डायबेटीस थोडा कमी झाला हे खरं. गुठळ्या, पक्षाघात आणि स्तनाचा कर्करोग वाढले हेही खरं. किडनीबाबतचे पुरावे तर एकमेकांशी भांडतात. कॅनडातल्या वृद्ध बायकांच्या एका अभ्यासात हार्मोन घेणाऱ्यांची किडनी उलट जास्त वेगानं उतरलेली दिसली. एक संभाव्य कारण असं की गोळी पोटातून आधी लिव्हरकडे जाते आणि तिथे बीपी वाढवणाऱ्या साखळीचा कच्चा माल वाढवते; त्वचेवरच्या पट्टीत हा फेरा टळतो.

पुरुषांच्या बाजूनं बाजार जास्त आक्रमक आहे. थकवा, पोट सुटणं, इच्छा कमी होणं, लगेच टेस्टोस्टेरॉनची तपासणी आणि इंजेक्शन. याच्या बाजूनं दाखवली जाणारी चाचणी ऑस्ट्रेलियातली, २०२१ ची: ५० ते ७४ वयाचे १००७ पुरुष, पोट मोठं, साखर उंबरठ्यावर किंवा नुकता डायबेटीस. सगळ्यांना आहार-व्यायामाचा कार्यक्रम, निम्म्यांना दोन वर्षं टेस्टोस्टेरॉन. दोन वर्षांनी डायबेटीस १२ टक्के विरुद्ध २१ टक्के. हा आकडा जाहिरातीत येतो. त्याच चाचणीत टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या पाचातल्या एकाहून जास्त पुरुषांचं रक्त घट्ट झालं, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, ५४ च्या वर गेलं, हे जाहिरातीत येत नाही. पुढे अमेरिकेत पाच हजारांहून जास्त पुरुषांवर झालेल्या चाचणीत, उंबरठ्यावरच्यांना टेस्टोस्टेरॉननं डायबेटीसपासून वाचवलं नाही. हृदयविकाराचा झटका वाढला नाही ही चांगली बातमी होती. पण किडनीला अचानक इजा होण्याचं प्रमाण २.३ टक्के झालं, तसंच दिसणारं बिनऔषधी जेल घेणाऱ्यांत ते १.५ होतं. ज्या औषधानं डायबेटीस टळेल की नाही याची खात्री नाही आणि किडनीला इजा थोडी जास्त दिसते, ते उंबरठ्यावरच्या माणसाला प्रतिबंध म्हणून विकणं आम्हांला मान्य नाही. ज्याचं अंडकोशाचं किंवा मेंदूतल्या ग्रंथीचं काम खरंच बंद पडलंय त्याला ते जरूर द्यावं. त्यासाठी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी तपासणी लागते. दुपारी जेवून घेतलेल्या एका नमुन्यावर इंजेक्शन सुरू करणं हा अन्याय आहे. जिममध्ये खुलेआम मिळणाऱ्या स्टिरॉइडांबद्दल तर काय बोलावं. न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी २०१० साली दहा शरीरसौष्ठवपटूंच्या किडनीचे तुकडे तपासून गाळण्यांवर पडलेले व्रण दाखवले होते.

आमच्या मागणीवर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला, आशाताईवर आधीच कामाचा डोंगर आहे. बरोबर आहे, आणि म्हणून आम्ही नवी मोहीम मागत नाही, असलेल्या तक्त्यात चार प्रश्न मागतोय, आणि त्या जादा कामाचा मोबदलाही. दुसरा, एसीआरचा खर्च. ती सगळ्यांची करायची नाही. उंबरठ्यावरची साखर आणि त्याच्या जोडीला बीपी, अकाली गेलेली पाळी, गरोदरपणातली साखर किंवा बीपी, पीसीओडी आणि वाढलेला कमरेचा घेर, घरातला किडनीविकार, यांतलं एक तरी असेल त्याचीच. नॉर्वेतल्या नोंदींवरच्या २००८ च्या अभ्यासात पहिल्या गरोदरपणात प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे बीपी वाढून लघवीतून प्रथिन जाणं, झालेल्या बायकांत पुढे किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका चार पटींहून जास्त होता. तो धोका एकूण लहानच, पण ती बाई कोण हे आपल्या दवाखान्याच्या वहीत आधीच लिहिलेलं असतं. डायलिसिसचा खर्च सरकार उचलतं, तर त्याच्या कितीतरी आधीची ही लघवीची डबी परवडत नाही असं म्हणता येणार नाही. शिवाय डायलिसिसच्या खुर्चीपर्यंत बायका पोचतात तरी किती? जगभर किडनीविकार बायकांत थोडा जास्त आणि डायलिसिसवर पुरुष जास्त असं चित्र आहे. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त, मिळणाऱ्यांत पुरुष.

आकडा बिघडलेला निघाला तर करायचं काय, हे सांगितलं नाही तर तपासणीला अर्थ नाही. वजन जास्त असेल तर सात टक्के कमी करणं, म्हणजे सत्तर किलोच्या माणसानं पाच किलो. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत यानं डायबेटीस ५८ टक्क्यांनी कमी झाला, चेन्नईच्या २००६ च्या चाचणीत २८ टक्क्यांच्या पुढे. भारतीय शरीरावर परिणाम कमी दिसला, तरी तो खरा आहे आणि कोणत्याही हार्मोनच्या इंजेक्शनापेक्षा सुरक्षित आहे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, लोणचं-पापड-चटणी धरून. दुखण्याच्या गोळ्या स्वतःहून नकोत. पाळीच्या दुखण्यासाठीची मेफेनॅमिक ॲसिडची गोळीही त्यांतच मोडते. मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीनं किडनी बिघडते, हा गैरसमज फार पसरलाय; ती बिघडत नाही. फक्त ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की डोस कमी आणि ३० च्या खाली बंद.

लघवीत अल्ब्युमिन जात असेल आणि बीपीही असेल तर रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी गाळणीवरचा दाब उतरवते. इथे पीसीओडीच्या मुलीबाबत एक गोष्ट हमखास चुकते. या गोळ्या गरोदरपणात बाळाच्या किडनीला घातक आहेत. जिची पाळी एरवीच दोन महिने लांबते तिला दिवस गेल्याचं उशिरा कळतं. आणि वजन उतरलं किंवा मेटफॉर्मिन सुरू झालं की थांबलेलं बीज पुन्हा सुटायला लागतं. गोळी लिहून देताना मूल हवंय का, संतती नियमनाचं काय, हे विचारायलाच हवं. आणि पाळी नियमित करायच्या गोळ्यांनी बीपी वाढू शकतं, म्हणून त्या सुरू करण्याआधी आणि तीन महिन्यांनी बीपी मोजायचं.

ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. या दोन वेळी उपकेंद्रात घेतलेलं क्रिएटिनिन आणि लघवीचा नमुना शेजारी ठेवले, तर हंगामानं कोणाच्या किडनीवर काय केलं हे कागदावर दिसेल. परतल्यावरचा नमुना प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी घेऊ नये, थकव्यानं आणि कमी पाण्यानं आकडा खोटा चढतो. आठवडाभर घरचं पाणी पोटात गेल्यावर घ्यावा. आणि त्या कार्डावर नावाखाली पहिली ओळ असावी: पाळी चालू आहे, गेली, की पिशवी काढली; कितव्या वर्षी.